डाव्या बाजूची सीट

बाबांनी एकोणतीस वर्षं वाळकेश्वरच्या एका घरची गाडी चालवली. सकाळी साडेसातला लालबागच्या आमच्या चाळीतून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघायचे ते रात्री जेवणाच्या वेळेला परत. गाड्या बदलत गेल्या, शेठचे केस पिकले, मुलांची लग्नं झाली, पण त्या गाडीत आम्ही कधी बसलो नाही. मी नववीत असताना मला टायफॉईड झाला होता. शेठनी स्वतः सांगितलं, मुलीला गाडीतून हॉस्पिटलात घेऊन जा. बाबांनी मान डोलावली, गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये लावली आणि मला टॅक्सीने नेलं.

चौसष्टाव्या वर्षी त्यांनी अचानक नोकरी सोडली. "आता पुरे," एवढंच म्हणाले. मी तेव्हा दादरच्या एका शाळेत शिकवत होते, अजूनही शिकवते. लग्न केलं नाही, घरात आम्ही तिघंच. बाबा नोकरी सोडून दीडेक वर्ष झालं असेल तेव्हा शाळेतली एक मैत्रीण मॉरिशसला जाऊन आली. तिने सांगितलं की तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, विमानतळावरच भाड्याची गाडी मिळते आणि बेट एवढंसं आहे की हरवायची भीती नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला.

"म्हणजे ड्रायव्हर नसता?" आईने विचारलं.

"ड्रायव्हर आपले बाबा."

मला वाटलं होतं बाबा खूश होतील. ते खाली बघून जेवत राहिले. हात धुऊन आल्यावर टॉवेलला हात पुसत म्हणाले, "थंयले रस्ते कसे आसत?" घरात ते दोघं मालवणीच बोलतात. माझ्याशीही बहुतेक तसंच.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. पावसाळाभर मी शाळेतून आले की मोबाईलवर नकाशा उघडायचे आणि बाबा वहीत मोठ्या अक्षरात गावांची नावं उतरवायचे. त्यांना ती फ्रेंच नावं जमत नसत, मग ते स्वतःच्या सोयीची नावं ठेवत. चाळीत सगळ्यांना बातमी लागली होती. समोरच्या काकी म्हणायच्या, "आता तुम्ही मालक झालात." बाबा हसायचे.

परदेशात चालवायच्या परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. नाक्यावरच्या डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला, बाबांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं धडाधड वाचली. गाडीच्या फॉर्मवर दुसऱ्या ड्रायव्हरचा रकाना होता म्हणून मीही माझा परवाना करून घेतला. पंचविशीत परळला गाडी शिकले होते, त्यानंतर हाताला स्टिअरिंग फारसं लागलंच नव्हतं.

"बाबा, जायच्या आधी थोडी सवय करून घेऊ या. मैत्रिणीची गाडी मिळेल रविवारी."

"एकोणतीस वर्षां चलवलंय. सवय कसली?"

मी तो अभिमान समजले.

आणखी एक गोष्ट तेव्हा विचित्र वाटायला हवी होती. आईने आयुष्यात कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. ती म्हणाली, "मी पुढे बसतलंय. बाबांच्या बाजूक." आम्ही दोघं तिला हसलो. मी म्हटलं, "हनिमूनला निघालीस काय?" ती लाजली नाही, रागावलीही नाही. परत म्हणाली, "मी पुढेच बसतलंय."

पहिले दोन दिवस मी विसरू शकत नाही. विसरता आले असते तर बरं झालं असतं.

विमानतळाबाहेर एक छोटी पांढरी गाडी मिळाली. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरवर पाय आपटला, आरसे लावले आणि मागचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. सवयच ती. मग स्वतःच्या लक्षात आलं तसं दार सोडून दिलं. "तुझा तू उघड," म्हणाले आणि मोठ्याने हसले. बाबांना मी इतकं मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं.

दोन्ही बाजूंना उंच ऊस, मधून काळाभोर रस्ता आणि वळण घेतलं की एकदम समुद्र. गिरगाव चौपाटीला आम्ही जातो, समुद्र काही नवा नव्हता. पण इतका निळा आणि इतका उथळ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसत होती. आईने साडी वर खोचली आणि पाण्यात बसली. बाबा वाटेल तिथे गाडी थांबवत होते. कुठे शहाळं, कुठे नुसतीच सावली. एका टपरीवर डाळीच्या पोळ्या मिळाल्या, आत वाटलेली डाळ आणि वरून तिखट रस्सा. बाबांनी चार खाल्ल्या. "आता खंय थांबूचा ता मी ठरवतलंय," असं ते दर अर्ध्या तासाने म्हणत होते.

आई मात्र सारखी बोलत होती. "सायकल आसा. कुत्रो आसा पुढे. हळू, बाई चललीहा." मला मागे बसून कंटाळा यायचा. एकदा मी म्हटलं, "आई, त्यांना दिसतंय ना! त्यांना चालवू दे की." ती गप्प झाली, पण पाच मिनिटांपुरतीच.

तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या वळणांनी आईला मळमळायला लागलं. दुपारी दोनदा गाडी थांबवावी लागली. मी म्हटलं, तू मागे आडवी हो, मी पुढे बसते. ती नको नको म्हणत होती. बाबा म्हणाले, "जा मागे. सरळ रस्तो आसा आता." ती मागे जाऊन पदर डोळ्यांवर घेऊन पडली.

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. चार वाजले असतील. उजवीकडे समुद्र होता आणि मी मोबाईल त्या बाजूला धरून व्हिडिओ काढत होते. व्हिडिओत बाबांचा चेहरा आहे, त्यांच्यापलीकडे समुद्र आहे. ते काहीतरी सांगताहेत, शेठच्या जुन्या गाडीबद्दल. मग धाडकन आवाज येतो आणि चित्र छताकडे जातं.

डाव्या कडेने एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. आमच्या आरशाने तिला उडवलं. मी मागे वळून पाहिलं तेव्हा आधी रस्त्यावर पसरलेला हिरवा चाराच दिसला. ती कडेच्या चरात पडली होती, साठीच्या पुढची, बाबांच्याच वयाची. तिचा उजवा हात कोपरापासून भलत्याच बाजूला वळला होता. कपाळावरून रक्त येत होतं, पण ती ओरडत नव्हती.

आई माझ्या आधी तिच्याजवळ पोचली. तिचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली. ती बाई तिथले जुने लोक बोलतात त्या भोजपुरीत परत परत तेच म्हणत होती, "हम तो किनारे-किनारे चलत रहे." आईला ते कळत होतं. "हां, हां," म्हणत ती तिच्या कपाळाला पदर लावत होती. बाबा गाडीजवळ उभे होते. दाराला हात टेकून, मान खाली घालून, मालक खाली उतरले की उभे राहायचे तसे.

माणसं जमली. कोणी मारायला धावलं नाही. एकाने ॲम्ब्युलन्सला फोन केला, पोलीसही आले. बाईला नेल्यावर पोलिसाने बाबांना इंग्रजीत विचारलं की समोर सरळ रस्ता असताना ती दिसली कशी नाही. मी ते बाबांना सांगितलं. तेवढ्यात आई म्हणाली, "त्याका सांग, ऊन डोळ्यार इला."

मी तोंड उघडलं आणि माझी नजर रस्त्यावर गेली. गाडीची सावली गाडीच्या पुढे पडली होती. ऊन आमच्या पाठीमागे होतं.

मी पोलिसाला सांगितलं, ऊन डोळ्यांवर आलं. त्याने लिहून घेतलं. बाबांनी खाली सही केली. पासष्ट वर्षांच्या त्या माणसाच्या लायसनवर तोवर एकही डाग नव्हता.

गाडी मी चालवत गेस्ट हाऊसवर परत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेले, तर दोघं शेजारी शेजारी बसली होती. आई डावीकडे. आणि मला एकदम कळलं की हल्ली ती चालतानाही डावीकडेच असते, भाजी आणायला, देवळात, डॉक्टरकडे. मी ते रोज पाहत होते.

"बाबा, ऊन मागे होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "डावीकडचा माका दिसणा नाय गो. तीन वर्षां झाली."

"आईला माहीत होतं?"

"तिका म्हायत आसा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेठच्या गेटला गाडीची डावी बाजू दोनदा घासली. शेठ काही बोलले नाहीत. मग एकदा शेठच्या नातीला शाळेत सोडताना फाटकाजवळ एक बाई मुलीचा हात धरून उभी होती. गाडीचा आरसा तिच्या ओढणीत अडकला आणि ती दोन पावलं ओढली गेली. लागलं नाही कोणाला. त्याच संध्याकाळी बाबांनी चाव्या परत दिल्या.

मी ओरडले. गेस्ट हाऊसच्या माणसांना ऐकू गेलं असेल. "शेठच्या घरच्यांसाठी सोडलीत ना गाडी? मग इथे कशाला बसलात? मला सांगायचं नाही? डोळे दाखवायचे नाहीत?"

"तू तिकिटां काढल्लस. शाळेत सगळ्यांका सांगितलंस. माका नाय म्हणूक जमला नाय." मग म्हणाले, "आणि माका पण व्हया होता. एकदा."

आई म्हणाली, "मी होतंय ना बाजूक. मी बघीत होतंय." आणि रडायला लागली. माझ्यामुळे ती मागे गेली होती, हे तिने म्हटलं नाही. आजवर म्हटलेलं नाही.

उरलेले दोन दिवस गाडी मी चालवली. बाबा मागे बसले. आम्ही कुठलंही ठिकाण पाहिलं नाही. हॉस्पिटलात त्या बाईला बघायला गेलो, आणि तिला घरी सोडल्यावर तिच्या घरीही गेलो. पत्र्याचं छोटं घर, बाहेर बांधलेल्या तीन शेळ्या. हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये घेऊन ती खाटेवर बसली होती. तिच्या सुनेने आम्हाला खुर्च्या दिल्या. बाबा दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. बाईने त्यांना हाताने बोलावलं, डावा हात हलवून. बाबांनी तिथूनच हात जोडले. खरं काय ते सांगायचं म्हणून मी त्या घरी गेले होते. तिच्यासमोर बसून मी दहा मिनिटं औषधांबद्दल बोलले. निघताना सुनेचा नंबर घेतला.

मुंबईला परत आल्यावर मी बाबांना परळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एका यंत्रात तोंड घालून समोरच्या पडद्यावर ठिपका चमकला की बटण दाबायचं होतं. मी बाजूला उभी होते. ठिपके चमकत होते आणि बाबा बटण दाबत नव्हते. छापून आलेल्या कागदावर डावी बाजू जवळजवळ पूर्ण काळी होती, उजवीकडेही कडा काळवंडायला लागल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदूत हे असंच होतं, मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं म्हणून माणसाला फसवतं, गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवू. लवकर आणलं असतं तर, एवढं बोलून त्या थांबल्या. रोज तीन वेळा थेंब घालायचे असतात. ते मी घालते.

चाळीत सगळ्यांनी विचारलं, कशी झाली ट्रिप. आईने समुद्राबद्दल सांगितलं. बाबा हल्ली टॅक्सीतही मागे बसतात. संध्याकाळी आईबरोबर चिंचपोकळीच्या पुलापर्यंत जाऊन येतात, तेवढंच.

सुरुवातीला दर रविवारी मी त्या सुनेला फोन करायचे. बाबा समोर बसलेले असत. प्लास्टर निघालं, असं ती एकदा म्हणाली. पुढच्या महिन्यात म्हणाली, हात सरळ होत नाही, कोपरातच अडकलाय, चारा कापता येत नाही म्हणून शेळ्या विकून टाकल्या. रागावून नाही, सहज सांगितलं तिने. पाठीमागे रेडिओ चालू होता. मी सॉरी म्हटलं आणि तिने म्हटलं, ठीक आहे. त्यानंतर मी तो नंबर लावलेला नाही.

बाबा अजून विचारतात. परवाच्या रविवारी जेवायच्या आधी म्हणाले, "फोन केलंस गो त्यांका?"

"हो, केला. सकाळीच."

"कशी आसा ती?"

"बरी आहे म्हणाली. हात पूर्ण बरा झाला. सगळी कामं करते आता."

"बरां झाला," बाबा म्हणाले. नंतर पुन्हा एकदा म्हणाले, "बरां झाला."

आई मोरीपाशी कोलंबी सोलत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग परत सोलायला लागली.