राजकन्येची म्हैस

आमच्या काकूला कधी कशाचं खूळ लागेल याचा नेम नसे. त्या वर्षी तिनं कुठल्याशा मासिकात विलायती वाढदिवसाचं चित्र पाहिलं. गोष्टीतली पात्रं होऊन आलेली मुलं आणि मधे मुकुट घातलेली पोरगी. झालं! माझा सहावा वाढदिवस जवळ आला होता, तो असाच करायचा असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. नागपुरातलं ते घर मोठ्या काकांचं. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो, आणि बाबा रेल्वेत गार्ड, सदा ड्यूटीवर. त्यामुळे काकू म्हणेल ती पूर्व दिशा.

गोष्ट मात्र माझी होती. आईनं स्वतः रचलेली आणि रोज मला झोपवताना सांगितलेली. एक राजकन्या म्हशीवर बसून संत्र्यांच्या राज्यात जाते आणि तिथल्या सिंहासनावर बसते. "राजकन्या कशी होती?" मी विचारायचे. "तुह्यासारखी वं," आई म्हणायची. मी काळी, बाबांवर गेलेली. आई गोरी. पण आईनं सांगितलं म्हटल्यावर मला शंका कशाला येईल?

काकूनं गोष्ट ऐकली आणि तिथल्या तिथे पात्रं वाटली.

"राजकन्या माही पोरगी. फोटोवाला येऊन राहिला, त्यात राजकन्या दिसाले नको का? अन् म्हैस हिलेच करा. काजळ फासाचीबी गरज नाही."

चुलतबहीण माझ्याच वयाची, लोण्यासारखी गोरी. ती लगेच आरशाकडे पळाली.

"काहून? वाढदिवस तर माहा हाये! सांग ना वं आई, राजकन्या माह्यासारखी होती!"

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "काकू म्हणतात तसं कर," म्हणाली.

मग आठवडाभर घरात कारखाना. पुठ्ठ्याच्या मुकुटाला चमकी, रद्दीची शिंगं खळीनं चिकटवलेली, गवळ्याकडून मागून आणलेली घंटा. शिंगं आईनंच केली, आणि फार मन लावून केली. मी अजूनही आशेवर होते. आयत्या वेळी आई काहीतरी बोलेल, मुकुट माझ्या डोक्यावर येईल, असं मला खरंच वाटत होतं. सहा वर्षांच्या पोरीला तेवढी अक्कल कुठली?

मे महिना होता. नागपूरचा मे. माझ्या अंगावर काळी घोंगडी टाकली, गळ्यात घंटा बांधली, आणि बहिणीला पाठीवर घेऊन रांगत रांगत मी बैठकीत शिरले. काकूच्या महिला मंडळातल्या बायका टाळ्या पिटत होत्या. त्यांच्यापैकी कुणीच आम्हा मुलींना आधी पाहिलं नव्हतं. बहीण उतरली आणि सिंहासनावर बसली. सिंहासन म्हणजे औक्षणाचाच पाट, रांगोळी काढलेला. दुसरा पाट मांडायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मुकुट घालून पाटावर बसलेली मुलगी दिसल्यावर बायका दुसरं काय करणार? पहिलीनं निरांजनाचं ताट उचललं, बहिणीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं आणि भेटीचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. बहिणीनं डबा घट्ट धरला. काकूनंही कुणाला अडवलं नाही. दुसरी बाई पुढे झाली, तेव्हा मी घोंगडीतून ओरडले, "वाढदिवस माहा हाये!"

ताट हवेतच थांबलं. बाई बिचारी गोंधळून काकूकडे पाहू लागली.

"पोळ्याले बैलाले ओवाळतेत," काकू म्हणाली. "म्हशीले कोन ओवाळते वं?"

बैठक हसून हसून लोळायची बाकी राहिली. त्या काकूला मी कधी माफ केलं नाही. ती गेली तेव्हाही माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

पण तेव्हा मी तिच्याकडे पाहतच नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात आई तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. माझ्यासाठी रडतेय बिचारी, असं वाटून मी उठले, बायकांमधून वाट काढत तिच्यापाशी गेले आणि तिला समजवायला तिचा पदर ओढला.

ती हसत होती.