ओढ्याकाठचा नारळ

आमच्या बोरी गावात जुनं बांधकाम पाडायचं म्हटलं की एकाच ठेकेदार गृहस्थांचा ट्रॅक्टर येतो. कामाला हात लावण्याआधी ते नारळ फोडतात, फोटो काढून घेतात आणि मोबाइलच्या स्टेटसला ठेवतात. देवाला कळवलं की सरकारची परवानगी वेगळी लागत नाही, असा त्यांचा हिशेब.

कापसाच्या जुन्या जिनिंग गिरणीचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे त्यांनी उतरवले, तेव्हा मी म्हणालो, "मालक, याची धूळ फुफ्फुसात बसते म्हणतात."

"कायबी बोलू नका सर, सिमेंट हाय ते. आमची माणसं रोज धूळ खायलेत. लय ठणठणीत हायेत."

मग ते सगळे पत्रे ओढ्यात गेले. पत्रे फोडून टाकायच्या या नव्या जागेचा नारळ अर्थातच आधी ओढ्याकाठी फोडला. फोटोही चढवला.

त्या फोटोवरूनच गुन्हा नोंद झाला, ट्रॅक्टर जप्त झाला. कोर्टात वकिलांनी सुरेख बाजू मांडली: अशील अडाणी, पत्रा घातक असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. न्यायाधीशांनी फोटो मोठा करून पाहिला. मागे उघड्या तोंडानं पत्रे फोडणारी माणसं, पुढे हातात नारळ घेतलेले मालक आणि मालकांच्या तोंडावर मास्क. एकावर एक, दोन.

शिक्षा झाली. सध्या ते जामिनावर आहेत, अपील करायलेत. परवा चहाच्या हॉटेलात भेटले. चेहऱ्यावर खराखुरा पश्चात्ताप होता.

"चुकलंच सर माझं," ते म्हणाले. "फोटोपुरता तरी मास्क काढायला पायजे होता."