तिसरं बोट

आमच्या समोरच्या घरातल्या भाऊंइतका, सुरू केलेलं संपवता न येणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. सावनेरकडच्या कोळसा खाणीत ते मोजणीचं काम करायचे. जमिनीखालचं अंतर इंचात सांगायचे, पण जमिनीवर त्यांना कशाचाच शेवट सापडत नसे. आमच्याकडून निघताना ‘येतो’ म्हणत आणि फाटकाशी उभे राहत. एकदा मी घड्याळ लावलं. एकेचाळीस मिनिटं. त्यात ‘येतो’ सात वेळा झालं, एकच किस्सा दोनदा झाला आणि बायकोनं दुसरा चहा फाटकावरच आणून दिला.

त्यांची गिटारही तशीच. ते वाजवतात ते ब्लूज-रॉक. त्यातलं मला एवढंच कळतं की चार मात्रांची बारा घरं मिळून एक फेरा होतो, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. गाणं थोडं झालं की गिटारनं दोन फेरे घ्यायचे आणि पुन्हा गळ्याला जागा द्यायची. भाऊ डोळे मिटत आणि नऊ-नऊ फेरे घेत. यापायीच तीन गायक सोडून गेले. चौथ्या आल्या त्या कन्हानच्या एक शिक्षिका. लहानपणापासून वस्तीत भीमगीतं गायलेल्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी तालमीतच सुनावलं, “भाऊ, मी पाणी पिऊन वापस आली, तरी तुमचं चालूच! मले गायले बोलावलं का ऐकाले?”

“मले थांबताच येत नाही गा,” भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले.

“मग रविवारच्या कार्यक्रमानंतर माझा नमस्कार. दोनाचे तीन झाले तर.”

भाऊंचा चेहरा उतरला. असा आवाज पुन्हा मिळणार नव्हता, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी मला पहिल्या रांगेत बसवलं. काम सोपं होतं. पहिला फेरा संपला की एक बोट वर करायचं, दुसरा संपला की दोन. भाऊंनी डोळे उघडे ठेवायचे.

पाच गाणी झाली. दर वेळी बरोबर शहाण्णव मात्रांवर भाऊ थांबले, बाई गाणं उचलत गेल्या, सभागृह डोलत राहिलं. सहाव्या, शेवटच्या गाण्यात गिटार अशी काही वाजली की बाई माइकपासून दोन पावलं मागे सरल्या आणि हातानं म्हणाल्या, घ्या अजून. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी बोटं दोनच होती. भाऊ थांबले. चार घरं नुसता ड्रम वाजला, मग बाईंनी गाणं उचललं.

बाहेर आल्यावर बाईंनी मला विचारलं, “तिसरं बोट काहून नाही उचललं तुम्ही?”

“ठरले दोनच होते,” मी म्हणालो. हिशोब चोख होता.

आता दर महिन्याला दोघांचा कार्यक्रम असतो. बाई टिकल्या. भाऊ कुठेही दोनावर थांबतात. परवा आमच्याकडे आले होते. उठले, ‘येतो’ म्हणाले आणि खरंच गेले. मी फाटकाशी उभाच होतो. चहा आत उकळत होता.