कॉलरमास्तरांची राखण

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, हा उंदरांना कधी न सुटलेला प्रश्न कॉलरमास्तरांनी मात्र सोडवला. त्याचा उपयोग काय झाला, ते ऐका.

शर्टांच्या कारखान्यात मास्तरांनी एकतीस वर्षं नुसत्या कॉलरी शिवल्या. बाह्या दुसरा कोणी शिवी, काजं तिसरा; कॉलर मास्तरांचीच. साठ मशीनं एका दालनात घरघरायची, आणि त्या घरघरीने त्यांचे कान थोडेथोडे करून नेले. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, एक मास्तर सोडून. लेकीने कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की हे उखडायचे. "माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता!"

बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. कंबरेचं हाड मोडलं, ते पुन्हा धड जुळलंच नाही. तिचं जग म्हणजे उशाशेजारची खिडकी आणि खिडकीसमोरच्या झुडपातलं बुलबुलाचं घरटं. मागच्या वर्षी शेजारणीच्या मांजरांनी दोन्ही पिल्लं नेली. तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मास्तर मनातून फार घाबरले होते. यंदा पुन्हा घरटं झालं तेव्हा त्यांनी तिला शब्दच दिला, "या वेळी मांजराला शिवू देणार नाही."

मग जुनं मशीन उघडलं. आत कॅनव्हास, वरून दुहेरी शिलाई, मांजर कुठे अडकलंच तर फास बसू नये म्हणून बोटभर इलॅस्टिक, पुढे पितळी घुंगरू. तीन मांजरांना तीन पट्टे. शेजारणीची मनधरणी करून, हातभर ओरखडे सोसून त्यांनी ते बांधलेही. त्याआधी प्रत्येक घुंगरू बायकोपाशी नेऊन हलवलं होतं.

"वाजतंय ना गं?"

"अहो, वाजतंय की. चांगलं खणखणीत वाजतंय."

तुम्हाला ऐकू येतंय का, असं तिने विचारलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

यंदा एकच पिल्लू जगलं. ते घरट्याबाहेर पडलं त्या सकाळी बायकोने बजावलं, "उचलून आत आणू नका हं. उडता येईपर्यंत दोन-तीन दिवस खालीच राहील, आईबाप भरवतील त्याला." मास्तर झुडपापाशी स्टूल टाकून बसले, फाटकाकडे तोंड करून, मांडीवर काठी घेऊन. पाठीमागच्या भिंतीची त्यांना काळजी नव्हती. तिकडून कोणी आलंच तर घुंगरू वाजणार होतं.

करडी मांजर तिकडूनच आली. मास्तरांना कळलं ते दोन्ही बुलबुल त्यांच्या तोंडावरून झेपावले तेव्हा. वळून बघतात तो मांजर भिंतीवर, तोंडात पिल्लू, गळ्यात पट्टा. काठी उगारेपर्यंत ती पलीकडे उतरलीसुद्धा.

ते आत आले.

"घुंगरू वाजलंच नाही," ते म्हणाले. "टाका उसवला असणार."

एकतीस वर्षांत ज्या माणसाने आपला टाका उसवल्याचं कधी कबूल केलं नव्हतं, तो हे बोलत होता. बायकोने मान हलवली आणि हाताने खूण केली, डोळा लागला होता माझा.

मास्तर स्टूल आणायला बाहेर गेले. तेव्हा त्यांना खिडकीखालची फरशी दिसली. तिथे स्टीलचा पेला आडवा पडला होता, पाणी अजून वाहत होतं. त्यापुढे चष्म्याचं घर, कंगवा. आणि उशी तर पार स्टुलाच्या मागे, हातभर अंतरावर येऊन पडलेली. जिला कूस बदलता येत नव्हती, तिने ती तिथवर फेकली होती.

त्यांनी एकेक वस्तू उचलली. उशी झटकली, आत नेऊन तिच्या डोक्याखाली सारली.

"किती हाका मारल्यास?"

ती काहीतरी म्हणाली. ओरडून ओरडून तिचा घसा पार बसला होता. मास्तरांना ओठ तेवढे हलताना दिसले, आणि पुन्हा विचारायचा धीर त्यांना झाला नाही.