बधिर बोट

पटाशी निसटली आणि तर्जनीच्या सांध्यावर खोल चीर गेली. सुतारांच्या सवयीनं मी त्यावर सरस आणि भुसा दाबला. इंदूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आपल्या मराठी निघाल्या. म्हणाल्या, "दादा, हे बोट आहे की स्टुलाचा पाय?"

मी हसलो, पण धाकधूक होतीच. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं बोट वाकेनासं झालं तर परमुलखात त्याला काम कोण देणार?

बाईंनी सुई जखमेत नाही, बोटाच्या मुळाशी टोचली. "नसेला बारीक दारं असतात. औषध ती बंद करतं. मग दुखल्याचा निरोप वर जातच नाही." खरंच, भुसा धुताना नुसतं कुणी चाचपल्यासारखं वाटलं. मला गावाकडची आई आठवली. फोनवर मीही असंच दार लावून "मजेत आहे" म्हणतो.

"आता वाकवा."

"बाई, आता तर ते आहे की नाही तेच कळत नाही!"

"वाकवा हो. त्याला ओढणारे स्नायू कोपराकडे आहेत, तिथे औषध गेलेलं नाही."

आणि ते परकं बोट मुकाट्यानं वाकलं! मी आनंदानं दोन्ही हात जोडले, तशा बाई ओरडल्या, "अहो, थांबा, टाके घालायचेत अजून!"