दीड वर्षाचं प्रस्थान

माझ्या लग्नानंतर वर्षभरात राज्यांची नवी वाटणी झाली आणि आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. सासरे म्हणाले, आता मुंबई आपली. ह्यांनी ते फारच मनावर घेतलं आणि तिकडं जाऊन कारकुनीची नोकरी धरली. अख्खा जिल्हा त्या राज्यात मावला, पण त्यातल्या एका बाईपुरती खोली काही मुंबईत निघेना. ती बाई मी.

आमचं घर तुळजापूरचं, पुजाऱ्याचं. देवीला आलेले यात्रेकरू आमच्याकडेच उतरायचे. सासूबाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. कुठून कुठून आलेली माणसं आमच्या घरात हक्कानं पथारी टाकायची आणि दोन दिवसांनी नारळ देऊन जायची.

फाल्गुनात ह्यांचं पत्र आलं. चाळीत एक खोली बघितली आहे, महिनाअखेर न्यायला येतो. मालकाशी पागडीचं बोलणं अजून व्हायचंय, असंही खाली लिहिलं होतं, पण तिथवर कुणी वाचलंच नाही. सासऱ्यांनी लगेच पंचांग काढलं. चार-सहा दिवसांत शुक्राचा अस्त होता आणि शुक्र मावळलेला असताना नव्या सुनेनं पहिल्यांदा नवऱ्याच्या बिऱ्हाडी जायचं नसतं. म्हणून माझं प्रस्थान ठेवायचं ठरलं. मुहूर्तावर आपलं एक लुगडं, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून ते वाटेवरच्या दुसऱ्या घरी ठेवायचं. शास्त्रापुरतं माणूस निघालं असं धरतात, मग खरा प्रवास सवडीनं झाला तरी चालतो. सोलापूरच्या रस्त्यावर एका मास्तरांचं घर होतं, तिथं माझं गाठोडं गेलं. गल्लीतल्या बायकांनी ओटी भरली. एक-दोघी रडल्यासुद्धा.

पंधरा दिवसांत दुसरं पत्र आलं. मालकानं जास्त पागडी देणाऱ्याला खोली दिली होती.

ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणणं अशुभ. त्यामुळं ते मास्तरांकडेच राहिलं आणि मी घरी राहिले. पण घराच्या लेखी मी गेलेली होते. माडीवरची आमची खोली धाकट्या दिरांना मिळाली, त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या साधेपणानं म्हणाल्या, "तू आता चार दिवसांची. तुझ्यासाठी खोली कशाला अडवून ठेवायची?"

ते चार दिवस दीड वर्ष चालले. यात्रेकरू जिथं नसतील तिथं मी अंथरूण टाकायची. कधी स्वयंपाकघरात, कधी कोठीत धान्याच्या कणग्यांशेजारी. माझी ट्रंक तर घरभर फिरली. मंदिराच्या वाटेवर बायका विचारायच्या, अजून इथंच का? मी सांगायची, मुंबई रंगवायला काढलीय, वाळली की जाईन. त्या हसायच्या. मीही हसायची आणि घरी येऊन चुलीशी बसून रडायची, कारण तिथं डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणी विचारत नाही. इतक्या माणसांच्या घरात मी इतकी एकटी कधी पडले नव्हते.

ह्यांची पत्रं यायची. प्रकृती उत्तम, जागा हवेशीर, खोली शोधतो आहे. ते 'हवेशीर' वाचून माझं डोकं फिरायचं. मी लिहिलं, कुठंही राहीन, पण मला न्या. उत्तर आलं, इथं बाईमाणसाची सोय नाही. मला वाटलं, गडी मजेत आहे, त्याला बिऱ्हाड नकोच असेल. तेव्हापासून मी मनात भांडण रचायला लागले. पोळ्या लाटता लाटता त्यात रोज एक वाक्य घालायची.

पुढच्या वर्षीच्या अश्विनी पौर्णिमेला हे न कळवता सकाळच्या मोटारीनं आले. यात्रेमुळं घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. चहा झाला तो चाळीस माणसांत. मी मुद्दाम त्यांच्याकडं पाहिलं नाही. जेवणाच्या पंगती उठल्यावर घागर घेऊन आडाकडं निघाले, तर हे मागच्या बोळात झोपलेले. आजूबाजूला कुणी नव्हतं. भांडायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

बोळ चांगला रुंद होता, तरी हे भिंतीला चिकटून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन फळीएवढ्या जागेत पडले होते. उशाला पिशवी, आणि तिचा बंद मनगटाला गुंडाळलेला. मी घुश्श्यातच म्हटलं, "पाय घ्या. जाऊ द्या मला."

डोळे न उघडता त्यांनी अंग आणखी आक्रसलं. "जा हो, जा तुम्ही," ते झोपेतच म्हणाले. "माफ करा. तुमची मुलं उठायच्या आत गुंडाळतो वळकटी."

हवेशीर जागा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. कुणाच्या तरी दारासमोरच्या गॅलरीत माझा नवरा दीड वर्ष असा झोपत होता आणि त्याला ओलांडून जाणाऱ्यांची माफी मागत होता. माझी मलाच फार लाज वाटली. रचलेल्या भांडणातलं एकही वाक्य आठवेना.

मी घागर खाली ठेवली आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. "अहो, मी आहे. नीट पाय पसरून झोपा. घर आपलं आहे."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, ओशाळून हसले आणि पाय लांब केले. मी तिथंच बसले. डोळा लागला तसे त्यांनी पाय हळूहळू पुन्हा पोटाशी ओढून घेतले.