बैलांचा रविवार

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वार्षिक अंक निघतो. पाळकांनी या वेळी मला सांगितलं, "देवाच्या आज्ञा आपल्या जीवनात कशासाठी आहेत, यावर काही लिहा." हे माझ्या आवाक्यातलं काम नाही. मी आयुष्यभर रेल्वेत झेंडा दाखवला, लिहिण्याचा प्रसंग फारसा आला नाही. म्हणून आज्ञांवर लिहिण्याऐवजी शालिकरामवर लिहितो. त्याला विचारलं आहे. तो म्हणाला, "लिही बापा, पन मले चांगला नको करू."

शालिकराम तिगाव स्टेशनापासून पायी जाता येईल अशा एका खेड्यात राहतो. कापूस, थोडी तूर, विहिरीजवळ संत्र्याची झाडं. त्याचे वडील मोठ्या दुखण्यात मिशनच्या दवाखान्यात बरे झाले आणि तिथूनच येशूवरचा विश्वास घेऊन घरी आले. मुलाचं नाव मात्र त्यांनी बदललं नाही. गावात ख्रिस्ती घर हे एकच. पांढुर्ण्याहून आम्ही काही जण आणि आसपासच्या खेड्यांतले काही, असे दर रविवारी त्याच्या ओसरीवर उपासनेला जमतो. उपासना झाली की जेवण तिथंच. ही पद्धत त्याच्या वडिलांपासूनची. दुरून आलेला माणूस उपाशी परत जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

दहा आज्ञांपैकी शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातून एक दिवस सगळं काम थांबवण्याची, आज्ञा शालिकरामची खास. त्याच्याकडे कपिल्या आणि बांड्या अशी बैलजोडी आहे. पोरगा अंकुश नागपूरला कंपनीत आहे. तो ट्रॅक्टर भाड्याने घ्या म्हणतो, पण शालिकरामने बैल ठेवले. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्यांना जेवणाचं निमंत्रण देतात. शालिकराम हे दर शनिवारी करतो. शांताबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, तेल-हळद गरम करून वाटी आणून द्यायची, आणि याने जोडीचे खांदे चोळत म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रविवारी जू खुंटीवर. बैल कोठ्यात नाहीतर झाडाखाली बसून.

गावकऱ्यांना यात मोठी मजा वाटे. शेजारचे दादाजी कुंपणावरून विचारत, "काय शालिक, तुहे बैल सरकारी नोकरीत लागले का? इतवारची सुट्टी हाय, पेन्शनबी हाय का?"

"हाय ना दादाजी. म्हातारे झाले तरी बाजार दाखवत नाही त्याईले."

"मंग माहा अर्ज घे. मीबी लागतो तुह्या कोठ्यात."

थट्टा असली तरी तिच्यात मान होता. कापूस फुटून शेत पांढरं झालं, वर ढग आले, तरी शालिकरामने रविवारी वेचणी लावली नाही. संत्र्याच्या व्यापाऱ्याची गाडी रविवारी आली तर याने तिला परत पाठवावं आणि तो माल व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या बगिच्यातून घ्यावा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या शेतावर कामाला येणाऱ्या शकुबाईलाही रविवारची सुट्टी असे आणि तिची मजुरीही कापली जात नसे. ती बौद्ध घरची. त्या दिवशी ती विहारात जाई, नाहीतर लेकीकडे.

त्यामुळे सौंसरला सगळ्या मंडळ्यांचं संमेलन ठरलं, तेव्हा पाळक म्हणाले, "शब्बाथाच्या आज्ञेवर साक्ष, म्हणजे आपला अनुभव, शालिकरामभाऊंनीच सांगावा." एवढ्या लोकांपुढे उभं राहायची ही त्याची पहिलीच वेळ. त्याने सदरा धुऊन इस्त्रीला दिला. वखर चालवताना बैलांना ऐकवून साक्षीची तयारीही केली, असं दादाजी सांगत.

संमेलनाच्या आधीचा रविवार होता. उपासना संपली होती, आम्ही पंगतीला बसलो होतो, शालिकराम वरण वाढत होता. घरी गॅस आहे, पण एवढ्या माणसांचा स्वयंपाक मागच्या पडवीत चुलीवरच होतो. शकुबाई नातवाच्या बारशाला नेलेला मोठा गंज, म्हणजे पातेलं, परत द्यायला आली. पडवीचं दार उघडं होतं, त्यामुळे तिचं आणि चुलीपुढच्या शांताबाईचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"शांताबाई, सकाळपासून बसल्या का चुलीपुढं?"

"सकाळपासून कायची? अंधार होता तवापासून."

"आज तं इतवार हाय ना तुमचा?"

"हाय ना. बैलाईचा हाय, तुहा हाय."

"मंग तुमचा काऊन नाही?"

शांताबाई हसली. "अवं, त्या आज्ञेत सगळ्याईची नावं हायत. पोरगा हाय, पोरगी हाय, गडी हाय, कामवाली बाई हाय, ढोरं हायत. गावात आलेला परका मानूसबी हाय. बायकोचं नाव नाही. इतकी वर्सं भितीमांगून आयकून राहिली मी, एकदाबी नाही आलं."

तिने हे तक्रारीने म्हटलं नव्हतं. पोळी उलटताना माणूस जसं बोलतो तसं म्हटलं. पंगतीत दोघं-तिघं हसले. शालिकराम हातात वरणाचं भांडं घेऊन थांबला आणि दाराकडे बघून म्हणाला, "घरचं काम कोनी मोजते का? ते तं सेवा हाय."

"हाव, सेवा," शांताबाई म्हणाली आणि तिने पुढची पोळी तव्यावर टाकली.

शकुबाईने गंज भिंतीशी उपडा घातला. "मंग बैलाईलेबी सांगा जी, बंडी ओढनं सेवा हाय म्हनून."

आता कोणी हसलं नाही. माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. तो खावा की ठेवावा, मला कळेना. शांताबाईच्या हातच्या पोळ्या मी किती वर्षांपासून खात होतो, आणि उपासनेला ती ओसरीवर का नसते, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकर घेतात त्या, दिवशीसुद्धा तिचा भाकरीचा तुकडा वाटीखाली झाकून ठेवलेला असे. हात मोकळा झाला की ती तो पडवीत उभ्याने घेई. आम्ही सगळे ते पाहत होतो.

शालिकराम त्या आठवड्यात आधी शकुबाईवर रागावून राहिला. तिला चांगलं उत्तर द्यायचं, म्हणून त्याने पवित्र शास्त्र काढलं. ही आज्ञा त्यात दोनदा सांगितलेली आहे. दुसऱ्या वेळी तिचं कारणही दिलं आहे: तुझ्या गड्याला आणि दासीला तुझ्यासारखीच विश्रांती मिळावी, आणि तूही कधी परक्या देशात गुलाम होतास, देवाने तुला तिथून काढलं, हे तू विसरू नये. हा भाग त्याने अनेकदा वाचलेला होता. गुरुवारी बाजारासाठी तो पांढुर्ण्याला आला, तेव्हा माझ्या ओट्यावर बसला आणि पाण्याचा पेला हातात धरून राहिला. प्यायला नाही.

"भाऊ, मले वाटे, आज्ञा पाळली का देव खूश होते. म्हनून मी देवाले दाखवून राहिलो होतो. पाहा, माहे बैल बसले. पन त्यानं ते कायले सांगतलं, हे मी पाह्यलंच नाही. कोनी गुलाम राहू नये म्हनून सांगतलं त्यानं. आन् मी तोच दिवस पाळाले घरात एक गुलाम ठेवला."

मी म्हणालो, "असं नको बोलू शालिक."

"तू बी तं जेवला ना बाप्पा तिथं," तो म्हणाला.

संमेलनाला शांताबाईही आली. दादाजी स्वतःहून म्हणाले होते, "जाय पोरी, ढोराईले पानी मी पाजतो. सुट्टीवरच्या मानसाईले आन्खी लागते काय?" आम्ही टेम्पोतून निघालो. जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी होती, त्यामुळे सौंसरला पोचायला उशीर झाला. हॉल भरला होता. पाळकांनी शालिकरामची ओळख करून दिली. व्यापाऱ्याची परत पाठवलेली गाडी, बैलांचे खांदे, सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शालिकराम उठून माइकपुढे गेला.

मग म्हणाला, "माह्या बैलाईले इतवार समजते. जू खुंटीले लागलं का बसून घेतेत. माह्या बायकोले नाही समजत. तिले मी तो कधी देलाच नाही."

हॉल हसला. लोकांना वाटलं, गावाकडचा माणूस आधी गंमत करतो आहे, साक्ष पुढे येईल. मागून कोणी तरी म्हणालं, "सगळ्यांच्या घरी हेच आहे, भाऊ," आणि पुन्हा हशा झाला. शालिकराम तो थांबण्याची वाट बघत उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. हसणं थांबल्यावर त्याच्याजवळ बोलायला काही उरलं नाही. तो जागेवर येऊन बसला. पाळकांनी गीत सुरू केलं. बायकांच्या बाजूला शांताबाई पदर पुढे ओढून बसली होती.

परतताना टेम्पोत ती म्हणाली, "मले कायले काढलं लोकाईत?"

"माफी मांगाची होती."

"माही माफी मांगाची तं मले मांगा. सौंसरले कायले मांगता?"

मी झोपल्याचं सोंग घेतलं.

पुढचं मला त्यानेच सांगितलं. शनिवारी संध्याकाळी त्याने तेल-हळद स्वतः गरम केली. बोटं भाजली. बैलांचे खांदे मळले, त्यांना आवतन दिलं आणि तसाच पिवळ्या हातांनी चुलीजवळ आला. शांताबाई तुरीची डाळ निवडत होती.

"शांता, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

तिने वर पाहिलं. "मी काय बैल हाओ?"

"नाही. बैलापरीस मांगं राहिली तू. माह्यानं चुकलं."

ती डाळीतले खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "हात धुऊन या. दाराले हळद लागून राहिली."

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा पडवीत धूर होता आणि शालिकराम चुलीपुढे खोकत होता. आम्ही दोघंतिघं न सांगता आत गेलो. मी वांगी चिरली, तीही जाड. इतक्या वर्षांत त्या घराची विळी मी पहिल्यांदाच हातात घेतली होती. पोळ्या कोणालाच येत नव्हत्या, म्हणून नुसता भात, वरण आणि भाजी.

शांताबाई धुतलेलं लुगडं नेसून ओसरीवर बायकांमध्ये बसली, पण तिला बसता येईना. पहिल्या गीतात ती उठली, "हळद टाकली का?" आतून शालिकराम म्हणाला, "टाकली. बस." प्रार्थनेत पुन्हा उठली, "जाळ लय झाला जी." "बस म्हनलं ना." तिसऱ्या वेळी शेजारच्या बाईने तिचा हात धरून ठेवला.

पाळक बोलू लागले. थोड्या वेळाने शांताबाईने पाठ भिंतीला टेकवली, डोकं एका बाजूला कललं आणि ती झोपली. पाळकांनी ते पाहिलं. त्यांचा आवाज हळूहळू खाली आला. मग ते थांबलेच, आणि शेवटची प्रार्थना त्यांनी ओठांतल्या ओठांत केली. पोरांना आयांनी डोळ्यांनी गप्प केलं. कोणी उठलं नाही. समोर झाडाखाली कपिल्या आणि बांड्या रवंथ करत बसले होते.

जेवण तयार आहे हे सांगायला शालिकराम दारात आला. हातात पळी, अंगावर राख. त्याने तिला पाहिलं आणि तिथंच थांबला. मला नंतर म्हणाला, "तिले दिवसा झोपलेली मी कधी पाह्यलीच नव्हती. तिचं तोंड झोपल्यावर कसं दिसते, मले माहीतच नव्हतं." भात निवत होता. आम्ही सगळे मान खाली घालून बसलो होतो.

तिला जाग आली ती भाजी करपल्याच्या वासाने. सगळे आपल्यासाठी थांबले आहेत हे लक्षात येताच ती चपापली, पदर सारखा केला आणि उठू लागली. शालिकरामने तिच्यापुढे ताट ठेवलं. पहिलं तिला. तिने घास घेतला, जरा थांबली.

"मीठ नाही यात."

शालिकराम तिच्यासमोर उकिडवा बसला. तो खालीच बघत होता. "डबा सापडलाच नाही. इचाराची लाज वाटली."

जन्मभर त्या घरात राहिलेला माणूस. शांताबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"फळीवर, चहाच्या डब्यामांगं," ती म्हणाली.

तिने एवढं सांगितलं, पण ती उठली नाही.